दिनविशेषाची वही

१४ जानेवारी १७६१. पानिपत. त्या दिवशी संक्रांत होती, असं व्याख्यानांतून आणि व्हॉट्सअॅपच्या संदेशांतून दरवर्षी सांगितलं जातं. 'मराठ्यांवर संक्रांत आली' हे वाक्य मग आपोआप जुळतं आणि ऐकणाऱ्याच्या मनात कायमचं बसतं. पण लढाई झाली ती बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला, शके १६८२ मध्ये. त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास, म्हणजे चारेक दिवस आधीच होऊन गेली होती.

कारण साधं आहे. आपली संक्रांत सूर्याच्या निरयन मकर प्रवेशावर ठरते, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भानं. इंग्रजी वर्ष ऋतूंच्या चक्राला धरून चालतं. या दोन वर्षांत सुमारे वीस मिनिटांचा फरक पडतो. सत्तरेक वर्षांत तो एका दिवसाएवढा होतो आणि संक्रांत एक दिवस पुढे सरकते. आता ती १४ आणि १५ जानेवारीमध्ये फिरते. नातवंडांच्या म्हातारपणी ती १५ आणि १६ मध्ये फिरेल.

याचा पडताळा हवा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवस घ्यावा. १२ जानेवारी १८६३. त्या दिवशी बंगालात पौष संक्रांत होती. १७६१ ला १०, १८६३ ला १२, आज १४-१५. तीन तारखा एका ओळीत लिहिल्या की आठवीतल्या मुलालाही सगळं समजतं.

*

१२ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात गजबजलेला असतो. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी गर्दी लोटते. देशभर युवा दिन असतो. या दोन्हींमध्ये सोलापूरची १२ जानेवारी झाकली जाते.

मे १९३० मध्ये सोलापुरात असंतोष एवढा पेटला की सरकारनं तिथं मार्शल लॉ पुकारला. पुढे मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. नावं एकापाठोपाठ एक वाचली तरी त्या वेळचं सोलापूर डोळ्यांपुढे येतं. सोलापुरात या चौघांचे पुतळे आहेत आणि तिथल्या मुलांना नावं पाठ असतात. पुण्या-मुंबईच्या शाळेतल्या फळ्यावर ही चार नावं का नसावीत? वर्षातला एक दिवस आणि एक ओळ, एवढीच जागा लागते.

*

शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला, हे आपण सगळे पाठ म्हणतो. त्या दिवशी गोव्यातल्या पोर्तुगीज कारकुनाच्या कागदावर १६ जून ही तारीख होती.

ही गंमत एकदा नीट समजून घेतली की इतिहासाची अनेक पानं सोपी होतात. जुनं ज्युलियन कॅलेंडर सूर्याच्या मागे पडत चाललं होतं, म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ते सुधारलं. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आली. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतल्या राज्यांनी हा बदल लगेच मानला आणि पोर्तुगिजांमागून तो गोव्यातही आला. इंग्लंडनं मात्र पोपचं कॅलेंडर १७५२ पर्यंत स्वीकारलं नाही. त्यामुळे मुंबईकर इंग्रज आणि गोवेकर पोर्तुगीज यांच्या तारखांत सतराव्या शतकात दहा दिवसांचं अंतर होतं. राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन जुन्या कॅलेंडरनं चालणारा होता. आपण आज पाळतो ती ६ जून त्याच हिशेबातली आहे.

गडावरच्या कारभाऱ्यांना यातलं काहीच लागत नव्हतं. त्यांच्या लेखी तो दिवस ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, एवढा स्वच्छ होता. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर रायगडावर तारखेनं एकदा आणि तिथीनं एकदा असे दोन सोहळे होतात, ते मला योग्यच वाटतं. चंद्र-सूर्याकडे पाहून ठरवलेली तिथी कुठल्या पोपच्या किंवा पार्लमेंटच्या निर्णयानं हलत नाही. तारीख ही सगळ्या जगाशी बोलण्याची सोय आहे. फळ्यावर दोन्ही लिहाव्यात.

*

त्याच ओघात शिवजन्म. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०, तीही जुन्या कॅलेंडरची. आजचं कॅलेंडर मागे नेलं तर त्या दिवशी १ मार्च येतो आणि वार शुक्रवारच राहतो, कारण कॅलेंडर बदलताना तारखा गाळल्या गेल्या, वारांची साखळी तुटली नाही.

आणखी एक गोष्ट. त्या काळी इंग्लंडचं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे सुरतेच्या वखारीतला इंग्रज त्या दिवशी वहीत साल लिहिताना १६२९ लिहिणार! जुन्या इंग्रजी पत्रांतले जानेवारी-फेब्रुवारी-मार्च वाचताना अभ्यासक दोन वर्षं जोडून का लिहितात, ते इथं कळतं.

पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी मानली जात असे. मग जेधे घराण्याकडची शकावली पुढे आली, लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया सापडली. पुढे तंजावरात मिळालेल्या कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'तही तीच तिथी निघाली. दोन कागद, एकमेकांशी संबंध नसलेले, आणि एकच तिथी. शिवजयंतीला भाषण करणाऱ्या मुलांना ही शोधाची हकीकत सांगितली पाहिजे. महाराजांच्या जन्मतारखेसाठी किती माणसांनी किती दप्तरं उलगडली, हा त्या आदराचाच भाग आहे.

*

२३ एप्रिल १६१६. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस एकाच दिवशी गेले, असं प्रश्नमंजूषेत हमखास येतं. युनेस्कोनं १९९५ मध्ये जागतिक ग्रंथदिनासाठी २३ एप्रिल निवडली, तीही या दोघांच्या आठवणीत. पण इंग्लंडची २३ एप्रिल ही स्पेनच्या २३ एप्रिलनंतर दहा दिवसांनी आली होती. शिवाय सर्व्हान्टिस २२ ला गेले आणि २३ ला त्यांचं दफन झालं, असं आता मानतात. ग्रंथदिनाला यामुळे बाध येत नाही. उलट एका दिवसात दोन लेखकांबरोबर दोन कॅलेंडरंही शिकवता येतात.

रशियातली 'ऑक्टोबर क्रांती' आपल्या नोव्हेंबरात का येते, त्याचं उत्तरही हेच. त्यांच्याकडे जुनी २५ ऑक्टोबर होती, बाकी जगात ७ नोव्हेंबर १९१७.

*

'पहिला' हा दिनविशेषातला सगळ्यात लाडका शब्द. त्याच्या मागे एखादं विशेषण लावल्याशिवाय तो खरा होत नाही.

१६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनच्या सुमारास, बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, आणि तोफांची सलामी. अंतर ३४ किलोमीटर. ही भारतातली पहिली प्रवासी गाडी. त्याआधी डिसेंबर १८५१ मध्ये रुडकीला कालव्याच्या बांधकामाची माती वाहायला वाफेचं इंजिन वापरलं गेलं होतं. 'प्रवासी' हा शब्द गाळला की वाक्य चुकतं. आणि ती दुपारची वेळ होती मुंबईच्या स्थानिक घड्याळाची. भारतीय प्रमाणवेळ त्यानंतर अर्ध्या शतकानं, १ जानेवारी १९०६ ला आली, आणि मुंबईच्या वेळेच्या ती ३९ मिनिटं पुढे होती.

तसंच ३ मे १९१३. गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच्या वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला, त्याच थिएटरात दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' दाखवला गेला होता. तोरण्यांनी रंगमंचावरचं नाटक चित्रित केलं होतं, कॅमेरामन परदेशी होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. फाळक्यांनी पटकथेपासून फिल्म धुण्यापर्यंत सगळं इथं, स्वतःच्या घरच्यांना हाताशी धरून केलं. म्हणून मान फाळक्यांचा आहे, तो मला मान्य आहे. तरीही १८ मे रिकामी सोडू नये. तोरण्यांचं नाव एवढंसं उच्चारायला आपल्याला कसला तोटा?

*

२९ फेब्रुवारी १८९६: मोरारजी देसाई. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, कारण शतकाच्या वर्षाला ४०० नं भाग जावा लागतो. त्यामुळे त्यांचा पहिला वाढदिवस आठव्या वर्षी, १९०४ ला आला. चौथीतल्या मुलांना लीप वर्षाचा नियम शिकवायचा असेल तर हा माणूस उपयोगी पडतो.

*

जन्मतारखेबद्दल माझं मत ठाम होत चाललं आहे. माणूस जन्मला त्या दिवशी त्यानं काहीच केलेलं नसतं. ज्या दिवशी काम झालं तो दिवस जास्त शिकवतो.

विज्ञान दिन पाहा. २८ फेब्रुवारी ही सर सी. व्ही. रामन यांची जयंती नाही, ती ७ नोव्हेंबरला असते. २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून हा दिवस निवडला. मग फळ्यावर लिहिताना प्रकाश, विखुरणं, रंग हे शब्द येतातच. पत्रकार दिनही असाच. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक निघाला. सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचा, विशीतला तरुण. अंकात एक स्तंभ मराठी आणि एक इंग्रजी, म्हणजे राज्यकर्त्यांनी आणि रयतेनं एकच मजकूर वाचावा अशी योजना. आपण सगळे छापील मराठीचे वाचक तिथून निघालेले आहोत.

याच न्यायानं २० मार्च १९२७. महाडचं चवदार तळं. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि त्यांच्यामागून हजारोंनी. पाणी पिण्याचा अधिकार हा त्या दिवसाचा विषय. एखाद्या शाळेनं त्या दिवशी मुलांना विचारावं, की आपल्या गावातल्या विहिरी पूर्वी कोणाच्या होत्या, कोण कुठून पाणी भरत असे. आजी-आजोबांकडे उत्तरं आहेत.

सावित्रीबाईंची जयंती ३ जानेवारीला सगळीकडे होते, व्हायलाच हवी. पण १० मार्च मला अधिक हलवते. १८९७ चा प्लेग. वयाची पासष्टी ओलांडलेली बाई रोग्यांची सेवा करत राहते आणि त्याच रोगानं जाते. 'पहिली शिक्षिका' या दोन शब्दांत हे मावत नाही.

*

१ ऑगस्ट १९२०. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी प्राण सोडला. त्याच दिवशी असहकाराची चळवळ सुरू व्हायची होती, ती सुरू झाली. आणि त्याच दिवशी वाटेगावात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, अण्णाभाऊ साठे जन्मले.

तारखांत योगायोग पुष्कळ असतात, त्यातले बहुतेक पोकळ असतात. हा मात्र पोकळ नाही. एक युग संपतं, दुसरं सुरू होतं आणि तिसरं मातंग वस्तीतल्या एका घरात डोळे उघडतं, तेही एकाच दिवशी. शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेल्या त्या मुलानं पुढे 'फकिरा' लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याचा आवाज गिरणगावात घुमला. शाळांत १ ऑगस्टला भाषणं होतात तेव्हा मुलं बहुधा दोन वेगळी भाषणं पाठ करून येतात, एक टिळकांचं, एक अण्णाभाऊंचं. शिक्षकांनी एखाद्या मुलाला दोघांवर मिळून बोलायला सांगावं.

शिवाय १ ऑगस्ट हा महसूल दिन. महाराष्ट्राचं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. तलाठ्याच्या दप्तराचं नवं पान त्या दिवशी लागतं. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे ठाऊक हवं.

*

१ जून हा महाराष्ट्रातल्या लाखो माणसांचा कागदोपत्री वाढदिवस.

आई-बाप मुलाला घेऊन शाळेत येत. गुरुजी विचारत, जन्म कधीचा? उत्तर येई, 'आषाढीच्या आधी दोन दिवस', 'थोरल्या भावाच्या लग्नाच्या वर्षी', 'ज्वारी काढणीला आली होती तेव्हा'. गुरुजी मुलाकडे बघत, अंदाज बांधत आणि जनरल रजिस्टरला १ जून लिहीत. जूनमध्ये शाळा सुरू होते, वय भरायला हवं, त्यामुळे ही तारीख सोयीची. तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, नोकरीच्या सेवापुस्तकात, पेन्शनच्या कागदात गेली. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला कचेऱ्यांत आणि शाळांत निरोपसमारंभांची रांग लागते.

मला त्या गुरुजींबद्दल आदर आहे. त्यांच्या अंदाजानं कित्येक घरांतली पहिली पिढी शाळेत बसली. आणि आई-बापांनी दिलेल्या उत्तरांबद्दलही आदर आहे. त्यांना जन्म आठवत होता, फक्त तो पंढरपूरच्या आणि पिकाच्या हिशेबानं.

*

लोकांचे स्वतःचे दिनविशेष असे घटनांवर चालतात. पुण्यातल्या जुन्या माणसांसाठी 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' अशी काळाची फाळणी आहे. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याचं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून पानशेतची फूट लांबवली, म्हणून लोंढा रात्री झोपेत न येता दिवसा आला आणि हजारो जीव वाचले. दिनविशेषात 'पानशेत धरण फुटले' एवढंच असतं. त्या पोत्यांचा उल्लेख हवा.

खेड्यांत 'बहात्तरचा दुष्काळ' आहे. खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडी, मिलो ज्वारी. त्याला एकच तारीख नाही, म्हणून तो कुठल्याच दिनविशेषात बसत नाही. हा या प्रकारातला मोठा दोष आहे. हळूहळू येणारी संकटं आणि हळूहळू झालेली कामं तारखेच्या चौकटीत सापडत नाहीत.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. माळवदाची घरं, मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर मातीचं जड छत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं त्या ढिगाऱ्यांखाली गेली. भूकंपापेक्षा घर पडण्यानं माणसं मेली, ही गोष्ट त्या तारखेसोबत मुलांनी शिकलीच पाहिजे. भिंतीत दगडांची एकमेकांशी सांधणी नव्हती, आतला-बाहेरचा थर सुटा होता. पुनर्वसनात बांधकामाची पद्धत बदलली. हे जीव वाचवणारं सामान्य ज्ञान आहे.

*

दोन तारखा शेजारी ठेवून बघण्याची सवय लावून घ्यावी.

जोतीराव-सावित्रीबाईंची पुण्यातली मुलींची शाळा १८४८ ची. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची. पुण्याला रेल्वे पोहोचली १८५८ मध्ये. म्हणजे आगगाडीच्या दहा वर्षं आधी पुण्यात मुलींच्या शाळेची घंटा वाजली होती.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ चं. उत्तरेत उठाव पेटलेला असताना मुंबईसाठी विद्यापीठाचा कायदा मंजूर होत होता. एकाच वर्षातले हे दोन प्रसंग पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असतात, म्हणून ते एकत्र कधी दिसत नाहीत.

*

२७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. १ मे मराठी राजभाषा दिन. शुभेच्छांच्या फलकांवर दरवर्षी अदलाबदल होते. पहिला दिवस भाषेच्या अभिमानाचा आणि दुसरा तिच्या सरकारी व्यवहारातल्या हक्काचा. हक्काच्या दिवसाकडे कमी लक्ष जातं, कारण त्या दिवशी महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही असतो.

*

१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, धम्मदीक्षा. बाबासाहेबांनी विजयादशमीचा दिवस निवडला, सम्राट अशोकाशी जोडलेली अशोक विजयादशमी. त्यामुळे दीक्षाभूमीवर माणसांचा सागर दसऱ्याला लोटतो आणि १४ ऑक्टोबरलाही वंदना होते. तारीख आणि तिथी इथंही शेजारी शेजारी नांदतात.

*

स्वातंत्र्याच्या तारखा. मराठी माणसाला एकच स्वातंत्र्यदिन मिळालेला नाही.

मराठवाड्यात १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, कारण १५ ऑगस्ट १९४७ नंतर तिथं तेरा महिने निजामाचा अंमल होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालला आणि १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान शरण आलं. नगर हवेलीतलं सिल्व्हासा २ ऑगस्ट १९५४ ला मोकळं झालं. त्या मोहिमेत गेलेल्या तरुणांत सुधीर फडकेही होते. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला.

म्हणजे १९५५ मध्ये बांद्याच्या या बाजूला प्रभातफेऱ्या निघत होत्या आणि तिथून थोड्याच अंतरावर पत्रादेवीला पोर्तुगिजांचं ठाणं होतं. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींनी ती हद्द ओलांडली. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नेलसिंग बेनिपाल तिथं पडले. पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे, मुंबई-गोवा रस्त्यालगत, गोव्यात शिरताशिरता. त्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांतून दरवर्षी कितीतरी शाळांच्या सहली जातात. गाडी तिथं दहा मिनिटं थांबवावी, आणि १५ ऑगस्टच्या फळ्यावर १९४७ च्या खाली १९५५ ची ओळही लिहावी.